‘हाक’ नावाचा रकाना

दुपारी आमचं मिरजगाव पेंगतं. मी मात्र पडवीत लॅपटॉप घेऊन एका अतिशहाण्या टूलशी भांडत बसले होते.

मी एका दूध डेअरीचं जनावरांच्या नोंदींचं ॲप बनवते. कोडमध्ये काही बदललं, की डेटाबेसच्या तक्त्यात करायचे बदल हे टूल आपणहून लिहून देतं. त्या तक्त्यात ‘हाक’ नावाचा रकाना होता. त्यात गाईंची घरातली नावं: चांदी, ढवळी, बिजली. डेअरीच्या साहेबांना ‘हाक’ गावंढळ वाटलं. ‘पशुनाम’ करा म्हणाले. मी कोडमध्ये तेवढा एक शब्द बदलला, तर टूलनं लिहून दिलं: ‘हाक’ रकाना काढून टाका, ‘पशुनाम’ हा नवा जोडा. नवा म्हणजे रिकामा. नाव बदलणं त्याला कळतच नाही. त्याच्या लेखी जुनं मेलं, नवं जन्मलं. तसंच चालवलं असतं तर साऱ्या गाई बिननावाच्या झाल्या असत्या.

एरवी मी हसले असते. पण पुढच्या आठवड्यात माझं लग्न होतं, आणि तांदळाच्या ताटात नवरा अंगठीनं माझं नवं नाव लिहिणार होता. कर्जतच्या सासूबाईंनी रुपालीची मोनिका करायचं ठरवलं होतं. संध्याकाळपर्यंत मी हो की नाही ते कळवायचं होतं.

“जिल्ह्याचंबी नाव बदललं की,” आई सकाळीच म्हणाली होती. “एसटी त्याच खड्ड्यात आपटती. व्हय म्हन नि मोकळी हो.”

विचार करता करता डोळा लागला. ताट शेताएवढं झालं. अंगठी नांगरासारखी तांदळातून फिरत होती, आणि एकेक अक्षर उमटलं की माझ्यातलं काहीतरी गळून पडत होतं. शाळेतली हजेरी गेली, विहिरीवरून मैत्रिणींनी दिलेली आरोळी गेली. गाई चरत होत्या. मी हाका मारत होते, एकही मान वर करत नव्हती. मग मागून कुणीतरी “रुपाली” म्हणालं, आणि मीच वळले नाही. मला फार भीती वाटली.

जाग आली तेव्हा आई शेजारी बसून लग्नातल्या त्याच ताटासाठी तांदूळ निवडत होती.

“आई, लग्नाआधी तुझं नाव काय होतं गं?”

सुपातला तिचा हात थांबला. गावाला ती लंकाबाई. मलाही तेवढंच ठाऊक.

“भीमा,” ती म्हणाली. “माझी आई गेली तवापासनं कुनी म्हनलं न्हाई. आता मीबी इसरत चालले.”

मी टूलच्या दोन्ही ओळी खोडल्या आणि हातानं एकच लिहिली: ‘हाक’ला आता ‘पशुनाम’ म्हणा. आधी डेटाबेसच्या नकलेवर चालवून पाहिली. चांदी, ढवळी, बिजली, सगळ्या जागेवर होत्या. मग होणाऱ्या नवऱ्याला, आदिनाथला, फोन लावला.

“ताटात रुपालीच लिही. दुसरं काही लिहिणार असशील तर अंगठी आणूच नकोस.”

तो म्हणाला, “बरं झालं बाई. मोनिका म्हणायला माझी जीभच वळत नव्हती. आईला मी सांगतो.”

फोन ठेवला. आई उन्हाच्या तिरिपेत पाठमोरी बसून तांदूळ पाखडत होती. मला राहवेना. मी अगदी हळू हाक मारली.

“भीमे...”

“ओ!” तिनं मान वळवायच्या आधीच तिच्या आतून कुणा परकरी पोरीनं उत्तर दिलं.