थोरल्यांचं तिकीट

आमच्या घरात तंबोऱ्याला ‘थोरले’ म्हणतात. तो सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचा. वयानं घरात सगळ्यांत मोठा, म्हणून थोरले. थोरल्यांना ऊन लागू देऊ नका, थोरले निजलेत, हळू बोला. लग्न होऊन आले तेव्हा पहिले दोन दिवस मी खरोखरच कुणा म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडायचं राहिलंय म्हणून वाट पाहत होते.

त्यामुळे मुलानं विमानाची तिकिटं काढताना दुसऱ्या प्रवाशाच्या नावाच्या जागी ‘थोरले’ लिहिलं आणि वय ब्याऐंशी टाकलं, त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. शेजारच्या खुर्चीचे पैसे भरले की तंबोरा शेजारी बसतो, एवढीच आमची अक्कल.

सासरे गाऊन कथा सांगतात. सगळे त्यांना बाबा म्हणतात, मीही. त्यांच्या मागे उभी राहून तंबोरा छेडायचं काम बावीस वर्षं माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात त्यांनी नावाड्याची कथा लावली होती, पाच दिवसांची. चौथ्या दिवशी नावाडी भर पुरात मध्यावर आला, एक वल्हं त्याच्या हातातून निसटलं, आणि तिथंच बाबांचा आवाज बसला. बसला तो बसलाच. स्वरयंत्रावर गाठ निघाली. मोठं इस्पितळ माझ्या नणंदेच्या शहरात, म्हणून बाबांना ताईंकडे हलवलं. शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात व्हायची होती. तोवर मी आगगाडीनं तंबोरा घेऊन जाणार आणि बाबा ताईंच्या घरी चार माणसांपुढे कथा पुरी करणार, असं ठरलं होतं. कारण डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, नंतर आवाज राहील की नाही, हे आज कुणी सांगू शकत नाही.

मग अचानक तारीख अलीकडे आली. परवा सकाळी आठ. आगगाडीला दोन दिवस लागतात. ताईंनी पाटीचा फोटो पाठवला. बाबांना बोलायची मनाई, ते पाटीवर लिहीत. पाटीवर होतं, ‘थोरल्यांना आणा. होडी अजून पाण्यात आहे.’

म्हणून मी, जिनं विमान फक्त खालून पाहिलेलं, सकाळी साडेसातला त्या काचेच्या इमारतीत उभी होते. तंबोरा कडेवर, दोन जुन्या गोधड्यांच्या खोळीत. आमच्या यांना आत सोडेनात. ते बाहेर काचेपाशी उभे राहून हातवारे करत होते.

खिडकीवरच्या मुलीनं तिकीट पाहिलं आणि विचारलं, थोरले कुठे आहेत. मी खोळीकडे बोट दाखवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, खोळीकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. हसली नाही, हे तिचे उपकार. वाद्याच्या जागेसाठी वेगळा अर्ज असतो, म्हणाली, तो तीन दिवस आधी करायचा, आणि उंची साडेतीन फुटांच्या आत पाहिजे. तिनं पट्टी लावली. थोरले भरले साडेचार फूट. थोरल्यांना विमानाच्या पोटात टाकावं लागेल, सामानात. तिनं एक कागद पुढे केला. वस्तू नाजूक आहे, मोडली तर कंपनी जबाबदार नाही, इथं सही करा. खिडकी वीस मिनिटांत बंद होते.

मी सही केली.

आता खरी गोष्ट सांगते. तंबोऱ्याच्या कारागिरानं आम्हाला आदल्याच दिवशी बजावलं होतं, काहीही झालं तरी सामानात देऊ नका, आणि द्यावाच लागला तर तारा उतरवा. वर थंडीनं लाकूड आखडतं, तारा ओढत राहतात, दांडी भोपळ्यापासून निखळते. आणि आमच्या घरचा नेम असा, की कथा अर्धी असताना तारा उतरवायच्या नाहीत. कथेतली माणसं वाटेत असतात, त्यांना तसंच टाकून जायचं नाही. रात्री सुरात लावलेला तंबोरा तसाच भिंतीशी उभा राहतो, कथा संपली की मग चारही तारा सैल. बाबांच्या वडिलांपासून हे कधी मोडलेलं नाही. महिनाभर मी तंबोरा तसाच ताठ ठेवला होता. रोज दिवा लावला की चार तारा सुरात लावायच्या आणि पुन्हा भिंतीशी उभा करायचा.

मी यांना फोन लावला. काचेपलीकडे त्यांनी कानाला धरलेला दिसत होता.

“उतरव तारा,” हे म्हणाले. “तिकडे पोचलीस की पुन्हा चढव. कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल ना.”

“अगं, दांडी मोडली तर सगळ्या गावाला कळेल.”

बाबांनाच विचार, असंही त्यांनी सुचवलं. ते मी केलं नाही. फोनवर माझा आवाज ऐकून बाबा उत्तर द्यायला तोंड उघडतील, आणि उरलेला एवढासा आवाज माझ्या प्रश्नावर खर्ची पडेल, याची मला धास्ती वाटली.

जमिनीवर बसून मी खोळीची नाडी सोडली. मागच्या रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, काकू, मैफल नंतर करा. पहिली खुंटी फिरवली. महिनाभराचा ताण सुटताना तारेनं जो आवाज केला, तो मला देवासमोर खोटं बोलल्यासारखा लागला. मग दुसरी, तिसरी. चौथीवर, खर्जाच्या जाड तारेवर, हात ठेवला आणि तो पुढे जाईना. एक तार तरी ताठ ठेवली नाही तर तारा जिच्यावर टेकतात ती खालची घोडी जागची हलेल, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. नावाड्याला धरायला काहीतरी हवं होतं.

तशीच खोळ बांधली, देवाचं नाव घेतलं आणि थोरल्यांना हमालाच्या हाती दिलं. रबरी पडद्यापलीकडे ते आडवे होऊन गेले. आमच्याकडे माणूस गेल्यावरच त्याला तसं आडवं नेतात.

विमानात चढल्यावर मला दुसरीच गोष्ट सुचली. चारही तारा ताठ असत्या तर ओढ सारखी असती. आता एकट्या खर्जाची ओढ, तीही एका कडेनं. म्हणजे दांडी सरळ मोडणार नाही, पिळवटेल. माझ्या अर्धवट भक्तीनं मी थोरल्यांना दोन्हीकडून मारलं होतं. तेवढ्यात घोषणा झाली. “प्रवासी थोरले, आपण विमानात आला नसल्यास...” कुणीतरी हसलं. माझ्या शेजारची रिकामी खुर्ची त्यांचीच. मी तिच्यावर हात ठेवून बसले.

विमान उडालं तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. पायाखालून एक खडखड येत होती. सामान असेल, चाकं असतील, मला काय कळणार. प्रत्येक धक्क्याला मी मनातल्या मनात दांडी तपासत होते. इथं भेग, इथं भेग. हवाई सुंदरीनं विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, खाली म्हातारं माणूस आहे. ती पाणी देऊन गेली.

मध्येच वाटलं, चुलतसासऱ्यांसारखं झालं तर? तेही कथा सांगत. त्यांचीही अशीच शस्त्रक्रिया झाली, पण ते कथा पुरी करूनच इस्पितळात गेले होते. तारा उतरवून, खोळ घालून, सगळं आवरून. ते परत आले नाहीत. ही गोष्ट घरात कुणी बोलत नाही.

उतरल्यावर फिरत्या पट्ट्यावर सगळ्यांचं सामान आलं. थोरले आले नाहीत. पट्टा रिकामा फिरत राहिला, मग थांबला. झाडूवालीनं माझा चेहरा पाहिला आणि कोपऱ्यातल्या एका दाराकडे बोट केलं, लांबट सामान तिथून येतं. तिथं थोरले भिंतीला टेकून उभे होते. मी खोळीवरूनच दांडीवर अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत. सलग होती. पुन्हा फिरवला. मग तिथंच खाली बसले.

ताईंच्या घरी बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. गळ्याला मफलर, मांडीवर पाटी. महिन्याभरात ते अर्धे झाले होते. त्यांनी स्वतः खोळ काढली. तीन तारा लोंबत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सगळं सांगितलं. खिडकी, कागद, वीस मिनिटं, माझी भीती. क्षमा मागितली. ताई मध्ये पडल्या, म्हणाल्या, ती बिचारी एकटी आली, दांडी शाबूत आहे, आता रागवू नका. बाबांनी पाटी उचललीच नाही. त्यांनी चौथी तार छेडली. ती जराशी खाली आली होती. खुंटी किंचित पिळली, तार बोलायला लागली, आणि तंबोरा माझ्याकडे दिला. मी बाकीच्या तारा लावायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

संध्याकाळ होती. ऐकायला ताई, त्यांचे यजमान आणि वरच्या मजल्यावरच्या दोन बाया. मी मागे उभी राहून एकच तार छेडत राहिले. बाबा बसूनच गाऊ लागले. आवाज कसला, नुसता खरखरीत वारा. पण नावाड्याला त्यांनी तिथूनच उचललं. एक वल्हं वाहून गेलं, एक हातात उरलं, त्या एकावर तो होडी सांभाळतो आहे. हे पूर्वी कथेत नव्हतं.

किनारा जवळ आला. काठावरच्या माणसानं दोर फेकला. नावाड्यानं हात पुढे केला.

बाबा थांबले.

“आज इथंच,” ते म्हणाले.

ताई रडकुंडीला आल्या. “बाबा, एक ओळ राहिली. एवढी म्हणून टाका.”

बाबांनी मान हलवली. मग मागे वळून मला म्हणाले, “ही तार उतरवू नकोस.”

त्या दिवशी ते पुन्हा बोलले नाहीत. कथा पुरी करायला ज्यांना एवढ्या लांब आणलं, त्यांना असंच ताठ उभं ठेवून बाबा इस्पितळात चालले होते. चुलतसासरे मला तेव्हा पुन्हा आठवले, आणि बाबांनाही तेच आठवले असणार. पहिल्यांदाच मला त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली.

सकाळी सगळे त्यांच्याबरोबर गेले. मी थोरल्यांपाशी थांबले. नऊ वाजले, अकरा वाजले. बारा. दर थोड्या वेळानं तारेवर बोट ठेवून पाहायचे, आहे ना. नामस्मरण सुरू होतं, पण मोजदाद चुकत होती.

सव्वाला फोन आला. ताईंचा आवाज रडका होता, आणि मला पुढचं ऐकायचंच नव्हतं. पण त्या म्हणाल्या, शुद्धीवर आलेत. बोलता येत नाही, पुढेही येईल की नाही, कळायला महिना लागेल. आत्ताच पाटी मागितली आणि एकच शब्द लिहिला.

“काय लिहिलं?”

“तार?”

मी त्यांना फोन बाबांच्या कानाला लावायला सांगितलं. इकडचा फोन भोपळ्याशी धरला आणि खर्जाची तार छेडली. पुन्हा थोडी खाली आली होती. त्यांना ते कळणार, हे मला ठाऊक होतं. मी छेडत राहिले.