गाबोळीचा वाटा

मी शीव कोळीवाड्यातल्या मंजुळाचा कोयता बोलतोय. कोयता म्हटल्यावर दचकू नका. आजवर मी माशांखेरीज कुणाचं वाईट केलं नाही, अशीच माझी समजूत होती.

लोहाराने मला घडवलं ते मंजुळाच्या सासूसाठी. सासूमागे मी सुनेकडे आलो. मंजुळा रोज पाटी डोक्यावर घेऊन लालबागला यायची आणि एका चाळीच्या तोंडाशी बसायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायची आणि संध्याकाळी घरी मला राखेने घासता घासता माझ्याशी. मी ऐकून घ्यायचो. दुसरं करणार काय?

गोड्या पाण्यातल्या माशाला ती मासा मानतच नसे. "चिखल खातात काय लोकं?" म्हणायची. मग ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप सुरू झाला. पापलेट मागणाऱ्या बायका बांगड्यावर आल्या, नंतर नुसत्या हसून पुढे जाऊ लागल्या. त्यात पावसाळ्यात समुद्रातली मासेमारी थांबली, होड्या किनाऱ्याला लागल्या. तेव्हा मंजुळाने नाक मुरडत का होईना, शहराबाहेरच्या एका तळ्यातला रोहू आणला. तो स्वस्त होता. चाळीत पुन्हा कालवणाचा वास सुटला आणि मंजुळाचा चेहरा खुलला.

त्याच चाळीत दुर्गा राहायची. मालवणकडची, नवरा संपावर, आणि पहिलटकरीण. मंजुळाला मावशी म्हणायची. मंजुळाच्या सासूपासूनची रीत होती की, पोटुशी बाई पाटीपुढे आली की तिला गाबोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, पैसे न घेता द्यायची. पावसात रोहूचं पोट गाबोळीने तट्ट फुगलेलं. मी ते चिरायचो, मंजुळा गाबोळी काढायची आणि वर चरबीचा गोळाही ठेवायची.

"घे गो बाय. तुला नाय देत, आतल्याला देतंय."

आठवड्यातून तीन-चार वेळा हे चालायचं. त्या वाट्यासाठी मीही जरा जपूनच चालायचो.

गिरगावच्या सुमतीबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. पाठारे प्रभूंच्या घरातल्या, मासा पारखण्यात कोळणीला भारी. परळला प्रयोगशाळेत नोकरी. एकदा त्यांनी आमचा रोहू तपासायला नेला आणि श्रावणात मासळीची पिशवी न घेताच आल्या.

"मंजुळाबाई, ह्या तळ्याचा मासा आणू नका. शेतात किडीवर फवारतात ते औषध पाण्याबरोबर तळ्यात उतरलंय. माशात सापडलं."

मंजुळाने कल्ला उचलून दाखवला. "लाल हाय ना? वास घ्या. माझा मासा शिळा नसतो."

"ताजाच आहे हो. पण हे डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, शिजवूनही सगळं जात नाही. एकदा खाल्लं तर लगेच काही होत नसतं. सारखं खाल्लं की अंगात साठतं. पोरांनी, गरोदर बायकांनी तर टाळावंच. आणि सगळ्यात जास्त असतं ते चरबीत नि गाबोळीत."

मंजुळाने मला खाली ठेवलं.

"पोटातल्या पोराला काय होईल, बाई?"

"सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही."

सुमतीबाई खरं तेच बोलल्या. पण ते 'कदाचित' मंजुळाच्या काळजात रुतलं ते कायमचं.

ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. पण तिने उरलेले मासे फेकून दिले, मला पाटीत टाकलं आणि पाटीसकट दुर्गाच्या दुसऱ्या मजल्यावर चढली. दाराबाहेरच उभी राहून तिने सगळं सांगितलं. दुर्गा पोटावर हात ठेवून ऐकत होती.

"तुका खंय म्हायत होता, मावशी," ती एवढंच म्हणाली.

आवाजात राग नव्हता. पण नंतर ती पाटीकडे फिरकली नाही. गणपतीला ते कुटुंब गावी गेलं. संप मिटेना, म्हणून ते तिकडेच राहिलं.

त्यानंतर मंजुळाने त्या तळ्याचा मासा आणला नाही. दुसरीकडचा रोहू आणला तरी विचारून आणायची आणि त्याची चरबी नि गाबोळी टाकून द्यायची. मालवणकडची कुणीही बाई दिसली की विचारायची, "आमची दुर्गा बाळंत झाली काय गो? पोरगा की पोरगी?" पुढचा प्रश्न तिच्या तोंडून निघतच नसे. कुणाला काही ठाऊक नव्हतं. हळूहळू गिरण्या बंद पडल्या, चाळ पांगली, ओळखीच्या बायका दिसेनाशा झाल्या. संध्याकाळी मंजुळा मला मुकाट्याने घासायची. तिचं बोलणं मला हवं होतं, पण ते मागायचं कसं?

ती गेली त्यालाही खूप वर्षं झाली. मी तिच्या पुतण्याच्या माळ्यावर गंजत पडलोय. मासा घेताना तो कुठल्या पाण्यातला ते विचारा, एवढं तरी माझं ऐका. आणि संपाच्या साली पोटात असलेलं, मालवणकडच्या दुर्गाचं लेकरू कधी भेटलंच, तर कोळीवाड्यात येऊन ते धडधाकट आहे एवढं सांगा. ऐकायला मंजुळा नाही. मी आहे.