पिलारबाईंचं थोडंसं

“विचारा त्यांना, किती दुखतंय?” डॉक्टर म्हणाले.

पोटदुखीने दवाखान्यात आणलेल्या पाहुण्या पिलारबाईंना सोनाजीने स्पॅनिशमध्ये विचारले. पडेगावच्या मेंढपाळाघरचा सोनाजी स्पॅनिश पाहुण्यांना वेरूळ दाखवून पोट भरायचा. समोरचा बोलेल ते इकडून तिकडे पोचवायचे, पदरचे काही घालायचे नाही, हा त्याचा नेम.

“उन पोकितो,” पिलारबाई हसून म्हणाल्या.

“थोडंसं, म्हणतात.”

“मग गोळ्या देतो. रात्रीचं विमान गाठू द्या त्यांना.”

सोनाजीचे काम तिथेच संपले होते. पण त्याची नजर खाटेकडे गेली. तोंडभर हसणाऱ्या बाईंनी चादर मुठीत गच्च आवळली होती.

त्याची आई सारजाबाई अशीच, पदर दातांत धरून “थोडं दुखतंय रं” म्हणाली आणि मेंढरांमागे गेली. दिवस मावळायच्या आत तिला घोंगडीत घालून आणावे लागले, ती परत उठली नाही. या बायांचे थोडे कुठल्या मापाचे असते, देव जाणे.

“डॉक्टरसाहेब, थोडं नाय ते. लई दुखतंय त्यांना.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिले. “असं त्या म्हणाल्या?”

“नाय. त्या थोडंसंच म्हणाल्या. हे मी म्हणतोय.”

उगाच विमान चुकले असते, तर पाहुणे पाठवणाऱ्या पर्यटन एजन्सीने त्याला पुन्हा दारात उभे केले नसते. तरी तो हटला नाही. डॉक्टरांनी कुरकुरत सोनोग्राफी करायला लावली. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होते. लगोलग ऑपरेशन झाले.

संध्याकाळी बाईंनी डोळे उघडले, सोनाजीचा हात धरला आणि सकाळपासून फार दुखत होते, असे आता कुठे कबूल केले. सोनाजीला एवढे हायसे वाटले, की दवाखान्याच्या पायरीवर बसून तो एकटाच हसला.

घरी त्याची बायको आक्काबाई भाकरी थापत होती. पीठ घ्यायला उठली, तेव्हा तिने भिंतीचा आधार घेतला.

“काय झालं गं?”

“काय नाय. गुडघा दुखतोय थोडा.”

“कधीपासनं?”

“व्हईल बरा आपोआप. तुमी हातपाय धुवा, जेवा.”

सोनाजीने तव्याखालचा गॅस बंद केला. मग दारातल्या तिच्या चपला उचलून आणल्या आणि तिच्या पायांपाशी सरळ मांडून ठेवल्या.