दगडांनी भरलेला डोंगा

“बाबा, वादळ येऊन राहिलं अन् तुमी आपलाच डोंगा काहून बुडवून राहिले?”

तलावाच्या पाळीवर पायलच्या मैत्रिणी प्रणाली आणि अंजू तोंड दाबून हसत होत्या. विचारून दाखव, असं त्यांनीच चिडवलं होतं, आणि पायल हल्ली कशालाच मागे हटत नव्हती.

मासे धरायच्या लाकडी डोंग्यात दगड रचत लहानू म्हणाला, “हवा पान्याच्या वर राहते, पोरी. खाली कोनाले उचलन? मागच्या खेपी शेजाऱ्याचा बांधलेला डोंगा पाळीवर आपटून फुटला.”

पायल गोंधळली. शाळेच्या एनसीसीत सरांनी शिकवलं होतं, होडीत पाणी आलं की आधी उपसा. इथे बाबांनी तिच्या हातात बादली दिली होती ती डोंग्यात पाणी भरायला. तिने भरलं. डोंगा गळ्याइतक्या पाण्यात तळाशी बसला, तशा मैत्रिणी हसायच्या थांबल्या.

“वादळ गेल्यावर दगड काढून हा वर आनन कोन?” तिच्या आईने, मीराबाईने विचारलं. “धंतोलीच्या डॉक्टरनं तुमाले बुडी माराले मनाई केली ना.”

“वस्तीतल्या अंकुशले बोलावतो. मले आता झेपत नाही, डोंगा त्यालेच देऊन टाकू.” लहानू पाण्याकडे बघत राहिला.

बुडवलेला डोंगा वाचतो कसा आणि वाचवलेला दुसऱ्याला द्यायचा कसा, पायलला दोन्ही उमगेना. पोहण्यात ती शाळेत पहिली आली होती, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

“अंकुशदादाले नोका बोलावू,” ती आईबाबांना म्हणाली. “दगड मी काढीन. अन् डोंगा आपल्याच घरी राहीन.”