दसऱ्याच्या दिवशी मी बंद होते

मित्रांनो, मी एक जुनी सोनोग्राफीची मशीन आहे. नाक मुरडू नका. आज मी उल्हासनगरच्या एका धर्मादाय इस्पितळाच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या व्हीलचेअरला टेकून उभी आहे, पण माझेही दिवस होते. आवाजाच्या लहरी पोटात सोडायच्या आणि आत काय चाललंय ते काळ्या-पांढऱ्या चित्रात दाखवायचं, हे माझं काम. सुरी नको, टाका नको.

माझा जन्म परदेशातला. नव्वद सालानंतर इथल्याच कॅम्प पाच वस्तीतल्या एका सिंधी शेठनं आईच्या नावानं मला इथं दान दिलं. "साईं, शोभा के लिए नहीं दे रहा, लोगों के काम आनी चाहिए," असं तो मोठ्या साहेबांना, म्हणजे डॉक्टर दिनानाथांना, म्हणाला. साहेबांनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय!

मला खरं कामाला लावलं ते डॉक्टर मालिनीबाईंनी. तोवर पेशंटला माझ्या खोलीत आणायचे आणि तज्ज्ञ डॉक्टर आपल्या सवडीनं उगवायचे. बाई म्हणाल्या, "जो मरायला टेकलाय तो रांग कुठं लावणार? मशीनच त्याच्या पलंगाशी गेली पाहिजे." त्यांनी माझ्या चाकांना तेल घातलं आणि मला कॅज्युअल्टीत नेलं. तिथल्या शिकाऊ डॉक्टरांना त्या मला वापरायला शिकवू लागल्या. पोरं आधी एकमेकांच्या पोटांवर शिकली. गार जेली लागली की कुणीतरी किंचाळायचं आणि हशा पिकायचा.

"हसताय काय?" बाई दटावायच्या. "इकडे बघा. यकृत आणि मूत्रपिंड यांच्या मधे काळी पट्टी दिसली, की आत रक्त साचलंय समजा. मग माझी वाट बघत बसायचं नाही. सर्जनला हाक मारायची."

त्यांच्यातला गुरुदत्त सगळ्यांत तरबेज. बदलापूरच्या रस्त्यावर टेम्पोनं उडवलेल्या एका भाजीवाल्याच्या पोटातली काळी पट्टी त्यानं चटकन पकडली. भाजीवाला वाचला. "शाब्बास रे!" म्हणून बाईंनी त्याची पाठ थोपटली. माझाही ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू?

आणि मग दसरा आला.

साहेबांचे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फोरमन होते. दसऱ्याला यंत्रांची पूजा करायची आणि त्या दिवशी ती चालवायची नाहीत, हा तिथला रिवाज साहेबांनी इस्पितळात आणला होता. कारखान्यात ठीक आहे हो, एक दिवस माल कमी निघेल. इस्पितळाचं काय? पण विचारणार कोण? सकाळी मला हळदकुंकू लागलं, झेंडूचा जाड हार पडला. साहेब नारळ फोडून घरी जेवायला गेले. मालिनीबाई सणाला वांगणीला सासरी गेल्या होत्या.

दुपारी बदलापूरजवळच्या चामटोलीपलीकडच्या पाड्यावरून जिवलीला आणलं. कोवळी पोर, नुकतंच लग्न झालेलं. पोटात कळ आली आणि ती चक्कर येऊन पडली होती. ओठ पांढरेफटक. नवरा कान्हा तिचे पाय चोळत होता. गुरुदत्तनं नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि तडक माझ्याकडे आला. हार काढायला त्यानं हात पुढे केला आणि तिथंच थांबला.

आधी साहेबांना फोन केला. साहेबांचा आवाज माझ्यापर्यंत ऐकू आला. "पूजा मांडलेली मशीन हलवायची नाही, एवढंही कळत नाही? गॅस असेल. सलाईन लाव, उद्या बघू."

"सर, पण आत ब्लीडिंग असेल तर..."

"मग मुंबईला पाठव. मला अक्कल शिकवू नकोस."

कान्हा म्हणाला, "डाक्टर, ही मशीन पोटान बगते ना? मंग बगा ना."

गुरुदत्त त्याच्याकडे बघेना. माझ्याकडेही बघेना. अरे, ओढ तो हार! फेक! मी आतल्या आत ओरडत होते, पण बटण दाबल्याशिवाय मला कुठला आवाज? त्यानं सलाईन लावलं आणि साहेबांचं मन बदलेल, ते पुन्हा फोन करतील म्हणून तो वाट बघत राहिला. शेवटी अँब्युलन्स बोलावली. जिवलीला बाहेर नेताना कान्हा माझ्यापाशी आला, हारावर डोकं टेकवून म्हणाला, "आये, वाचव गं तिला."

जिवली वाटेतच गेली. पोट रक्तानं भरलं होतं, असं नंतर कळलं.

बाई परत आल्या तेव्हा त्यांनी गुरुदत्तला एवढंच विचारलं, "तुला येत होतं ना?"

"हो, मॅडम."

"मग?"

"पूजा होती, मॅडम."

बाई तिथंच रडल्या. साहेब मात्र रडले नाहीत. त्यांनी फर्मान काढलं, की शिकाऊ पोरांनी मशीनला हात लावायचा नाही, त्यांच्यामुळेच घोळ होतात. चोर सोडून संन्याशाला फाशी! शिकवणं बंद झालं. बाई नोकरी सोडून गेल्या. मी कुलपाआड, एसीच्या गारव्यात, धूळ पुसलेली, बिनकामाची म्हातारी झाले. पुढे नवी मशीन आली आणि मला इथं ढकललं. दर दसऱ्याला मात्र न चुकता हार येतो. इथंसुद्धा.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल. यंत्राची निगा राखा, पुसा, पूजाही करा, माझी ना नाही. पण पलंगावर माणूस तडफडत असेल, तर कुणाला न विचारता माझ्या गळ्यातला हार ओढून काढा. मला राग येणार नाही. मला राग आला तो त्या दिवशी, जेव्हा हार जागच्या जागी राहिला.