सालीसकट बटाटा

उकडलेल्या बटाट्याचा लगदा सून दुसऱ्यांदा चाळणीतून घासायला लागली, तेव्हा मावशीच्याने राहवेना.

"आता ह्याचं काय बिघडलं?"

"गुठळी आहे, आई."

"गुठळी! डोळ्यांत तेल घालून शोधली तरी सापडायची नाही."

"तिला सापडते."

सून एवढंच बोलायची, आणि मावशीला खपत नसे ते हेच. भांडायला समोर माणूस हवा, भिंत काय कामाची? ही बाई पोटच्या पोरीचे हुकूम झेलायची. ताट पांढरंच हवं, पंखा बंद हवा, जेवताना कुणी बघायचं नाही. पोर नऊ वर्षांची. सगळ्या वस्तू रांगेत लावायची म्हणून मावशीने तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. मुंगी जगातल्या पाचच गोष्टी खायची: बिनमिठाचा बटाटा, कडा कापलेला पाव, निळ्या कपातलं दूध, केळं आणि एका कंपनीचं बिस्किट, तेही तुटलेलं नको.

हे लाड नव्हेत, आजार आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. सोबत स्वमग्नताही असेल, पण त्या तपासणीचा नंबर आठ महिन्यांनी लागणार होता.

"नाव कळायला आठ महिने, आणि भूक दिवसातून तीनदा," मावशी तिथेच म्हणाली होती. वजन एकोणीस किलो. अठराच्या खाली गेलं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालणार होते.

मावशीने बत्तीस वर्षं कारखान्याच्या फाटकासमोर खाणावळ चालवली; मावशी हे नावही तिथलंच. अक्षरओळख सहीपुरती, पण दारातून आत येणाऱ्याची चाल बघून ती त्याची भूक ओळखायची. स्वयंपाकाला तिने तीन बाया ठेवल्या होत्या. वाढायची पळी मात्र कुणाच्या हाती दिली नाही. रांधणं शिकवता येतं, वाढणं नाही, असं तिचं मत. अशा बाईच्या घरात पोर उपाशी, हे तिच्या जिवाला लागलं होतं.

सोमवारी सून कामावर गेली आणि मावशीने डाव साधला. उकडलेल्या अर्ध्या अंड्याचा पांढरा भाग बारीक चाळणीतून घासून तिने बटाट्यात मिसळला. रंग तोच, मऊपणा तोच. स्वतः चाखला, तिलासुद्धा कळलं नाही.

मुंगीने पहिला चमचा तोंडात घेतला. थांबली. मग तोंड उघडून घास ताटात पडू दिला, जीभ बाहीला पुसली आणि उठून गेली. रडली नाही, ओरडली नाही. मंगळवारी ती बटाट्याला शिवली नाही. बुधवारी दूधही सोडलं, कारण ते मावशीने ओतलं होतं.

सुनेला वाटलं, बटाटा बदलला. तिने तीन दुकानांतून तीन पिशव्या आणल्या, सकाळी कामावर जायच्या आधी तीन पातेल्यांत वेगवेगळे उकडले, कुठल्यात काय फरक आहे ते हुंगून पाहिलं. मावशी खुर्चीत बसून बघत राहिली. जन्मात कुणासाठी न थांबलेलं तोंड चार दिवस बंद होतं.

शुक्रवारी काटा अठरा किलो तीनशेवर थांबला. "पुढच्या शुक्रवारी बॅग भरूनच या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी येऊन सुनेने पुन्हा बटाटे धुवायला घेतले.

"ठेव ते," मावशी म्हणाली. "बटाट्याचा दोष नाही. मी अंडं घातलं होतं."

सुनेने नळ बंद केला. आता तरी ही तोंड सोडेल, अशी मावशीची जवळजवळ आशाच होती.

"किती?"

"अर्धं. नुसतं पांढरं."

सुनेने हातातला बटाटा खाली ठेवला. "तिला सांगा."

"माफी मागू नातीची?"

"माफी तिला कळत नाही. काय केलं ते सांगा."

मुंगी खिडकीशी बाटल्यांची झाकणं मांडत होती. मावशी गुडघे धरत तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

"बटाट्यात अंडं मी घातलं होतं. मंगळवारी."

"सोमवारी," मुंगी झाकणांकडे बघत म्हणाली.

"बरं बाई, सोमवारी."

"उद्या घालशील?"

"नाही."

"परवा?"

"नाही."

तिने पुढच्या अकरा दिवसांचं विचारलं. मावशीने अकरा वेळा नाही म्हटलं, एकदाही न वैतागता.

दुसऱ्या दिवसापासून सून ताटात अख्खा बटाटा ठेवायला लागली, सालीसकट. सालीच्या आत कुणाला काही मिसळता येत नाही. सोलायचा मुंगीने, कुस्करायचाही तिनेच. पहिल्या दिवशी तिने नुसता फोडून आत पाहिलं. दुसऱ्या दिवशी हुंगला. तिसऱ्या दिवशी ताट समोर आलं, तेव्हा मावशी मान वळवून बघायला लागली. सुनेने तिचा दंड धरून तिला मोरीकडे तोंड करून उभं केलं.

"बघू नका."

दोघी भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. कोपऱ्यात शुक्रवारची बॅग भरून ठेवली होती. मागे चमचा वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

"खेळतेय का?" सुनेने अगदी हळू विचारलं.

मावशीने कान दिला. बत्तीस वर्षं पातेल्यांतून वाढून घेताना तिने पाठीमागचे चमचे ऐकले होते.

"नाही," ती म्हणाली. "खाणारा चमचा आहे."

सुनेने पदराने नाक पुसलं. मावशी भिंतीकडे बघतच बोलली.

"एक सांगते. स्वयंपाक तुला ह्या घरात आलीस तेव्हाही येत नव्हता आणि आजही येत नाही. पण माझ्या खाणावळीत असतीस, तर वाढायची पळी मी तुझ्या हातात दिली असती."