धुळवडीला उज्जैनला येऊ नये

पुण्या-नाशकाचे नातेवाईक उज्जैनला यायचे ठरले, की आधी आमच्या तात्यांना फोन करत. माझे वडील बँकेत होते, पण मन रमायचं ते पाहुण्यांना शहाणं करून सोडण्यात. महाकालला पहाटे जा, दुपारी फरशी तापते. पोह्यांवर शेव नको म्हणू नका, पोहेवाला दुखावतो. टावर चौकात रिक्षा ठरवताना फार शुद्ध हिंदी बोलू नका, लगेच परगावचे ठरता. भैरवगढला छापाच्या चादरी बघायला गेलात तर आधी त्यांच्याकडे बसून चहा घ्या, आणि वाळत घातलेल्या कापडाला हात लावू नका. आणि काहीही झालं तरी धुळवडीला येऊ नका.

तात्या दिवाळीनंतर गेले. त्यामुळे सुहासमामाला हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि तो नेमका धुळवडीच्या सकाळी उतरला. स्टेशनपासून बॅग घेऊन चालत आला. रस्त्यावर एक टेम्पो नव्हता.

"काय गं अंबिका, कर्फ्यू लागलाय का तुमच्या गावाला?"

"होळी आहे, मामा. दुपारपर्यंत सगळं बंदच असतं."

मामा पुण्याहून दोन कामांसाठी आला होता. एक महाकालचं दर्शन, आणि दुसरं म्हणजे आईला, त्याच्या थोरल्या बहिणीला, कायमचं पुण्याला घेऊन जाणं. मी सासरी, गावातच नानाखेड्याला, आज तेवढी आले होते; एरवी फ्रीगंजच्या घरात आई एकटी. मामाचं चूक नव्हतं. आई त्याला फोनवर हो म्हणाली होती. पण तात्या गेल्यापासून ती सगळ्यालाच हो म्हणत होती. भेंडी करू की दोडका, असं विचारलं तरी हो. घराबाहेर तिनं पाऊल टाकलं नव्हतं. तिनं जाऊ नये असं मला वाटत होतं, पण थांब म्हणायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं. रात्रीच्या गाडीची तिकिटं मामानं काढून आणली होती.

मामाचा चहा होतो न होतो तोच शेजारच्या व्यास भाभी आल्या. बरोबर गल्लीतल्या तीन-चार बायका, साध्या साड्यांत, आणि ताटात गुलाल.

माळव्यात ही गमीची होळी. वर्षभरात ज्या घरात कुणी गेलं असेल, तिथे पहिल्या धुळवडीला लोक गुलाल घेऊन जातात. ढोल नाही, गाणं नाही. चिमूटभर रंग लावतात, आणि त्या घराला सणवार पुन्हा मोकळे होतात. इथल्या मराठी घरांनीही ही रीत केव्हाच आपली केलीय. पुण्यात जन्म गेलेल्या मामाला ती कुठून ठाऊक असणार? ताट बघताच तो दारात आडवा उभा राहिला.

"बहनजी, यहाँ नहीं. इस घर में मौत हुई है. अभी साल भी नहीं हुआ."

"मालूम है भैया, इसीलिए तो आए हैं."

"अहो, नवरा गेलाय तिचा!" मामाचं हिंदी तिथे संपलं. "रंग कसला लावताय तिला?"

"ये कौन हैं?" मागून एकीनं विचारलं.

"मायके वाले हैं," भाभी म्हणाल्या. "पैदल आए हैं बेचारे, धूप चढ़ गई है. पानी पिलाओ कोई."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

आतून आई आली. "सुहास, बाजूला सर. आलेल्या बायकांना दारात उभं करतात का?"

"अगं ताई, लोक काय म्हणतील?"

"कुठले? पुण्याचे? ते येणार आहेत का ताट घेऊन?"

मामा सरकला. भाभींचा हात आईच्या कपाळाकडे गेला, क्षणभर थांबला आणि गालावर उतरला. मग मला. मग तात्यांच्या फोटोच्या काचेला. आई रडली, भाभीही रडल्या. जरा वेळानं आईनं पदरानं नाक पुसलं.

"अब किसके यहाँ जाना है?"

"गुप्ताजी के. उनकी अम्मा नहीं रहीं ना, संक्रांत पे."

"मुझे किसी ने बताया नहीं?"

"तुम निकलती कहाँ थीं, वासंती!"

आई चपला शोधायला लागली. एक पलंगाखाली गेली होती, ती तिनं काठीनं ओढून काढली.

"ताई, रात्रीची गाडी आहे," मामा म्हणाला.

"मला नाही जमायचं रे. इथे कुणाकडे गमी झाली तर मला जावं लागतं. तिकडे मी कुणाकडे जाऊ?"

"आणि इथे एकटी राहशील?"

"सकाळपासून एकटं बसायला मिळालंय का मला? तूच सांग."

मामा माझ्याकडे बघत राहिला. मी त्याचा रिकामा कप उचलून आत गेले. तिथेच थांबले असते तर मला किती बरं वाटलंय ते त्याला दिसलं असतं.

"मग मी काय करू दिवसभर? तुमचं गाव तर बंद."

"चल आमच्याबरोबर," आई म्हणाली. "तो पांढरा शर्ट तेवढा काढ."

मी तात्यांचा जुना चौकड्याचा शर्ट आणून दिला. तो मामाला खांद्यात सैल झाला. मी त्या शर्टाकडे बघायचं टाळलं आणि कुलूप शोधत राहिले.

गुप्ताजींचं घर येईपर्यंत कोपऱ्यावरच्या पोरांनी मामाला हिरवागार करून सोडलं होतं. पुढे आई व्यास भाभींना विचारत चालली होती, "अम्मा बीमार थीं, या एकदम ही गईं?"